मिनिटाला आठ थेंब

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज अकरा पाने गळली. काल सात. वेचून पाकिटात घातली, पाकिटावर तारीख लिहिली. का लिहिली हे सांगता येणार नाही. नोंद ठेवली की काहीतरी केल्यासारखे वाटते — एवढेच.

झुडूप गच्चीच्या कोपऱ्यात आहे. उंची माझ्या गुडघ्याएवढी. पाने आगकाडीएवढी बारीक, राखाडी, त्यांवर लव. त्रयस्थाला वाटेल, सरपण उभे करून ठेवले आहे. शहराबाहेरच्या वाळूच्या उंचवट्यावर याची पाच झुडपे होती. तीन वर्षांपूर्वी तिथे गोदाम झाले, पाचही गेली. इतरत्र ते आजवर कोणाला आढळलेले नाही. हे माझ्या पत्नीने त्यापूर्वीच, नऊ वर्षांमागे, तिथल्या बिया आणून वाढवले. म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर हे एक उरले आहे, आणि ते आता माझ्या ताब्यात आहे.

ती त्याला रुसवी म्हणायची. हात लावला की रुसते आणि नाही लावला की फुगते, कोणाच्या वळणावर गेली आहे कोण जाणे — असे म्हणून माझ्याकडे पाहायची.

तिला जाऊन आज सहा आठवडे झाले.

२१ फेब्रुवारी, बुधवार

पाणी देण्याच्या पद्धतीत आजपासून बदल.

इस्पितळात जाण्यापूर्वी वर्षभर ती रोज सकाळी साडेसहाला स्टीलचा पेला भरून गच्चीवर नेत असे आणि रिकामा परत आणत असे. पेल्यात दोनशे मिलिलिटर मावते. मी मोजून पाहिले. तेव्हा झुडपाची दैनिक गरज दोनशे मिलिलिटर. छत्तीस वर्षे पाणीपुरवठा खात्यात काढलेल्या माणसाला एवढे अनुमान करता आले पाहिजे. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी तेवढे पाणी तेवढ्याच वेळेला देत आलो आहे. एकही दिवस चुकलेला नाही. तरी पाने गळतात. याचा अर्थ, एकदम ओतलेले पाणी वाळूतून तळाशी निघून जाते आणि मुळांना मिळतच नाही. पुरवठा संथ आणि अखंड हवा.

कपाटात सलाईनची एक नळी न उघडता राहिली होती. शेवटच्या आठवड्यात जास्तीची आणलेली. बाटलीत पाणी भरून ती कपड्यांच्या दोरीच्या खांबाला उलटी टांगली, नळीचे टोक वाळूत खोचले, नळीवरचे चाक फिरवून थेंब मोजले. मिनिटाला आठ. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर सकाळी सातला सुरू केलेली धार तीन वाजून वीस मिनिटांनी दोनशे पूर्ण करते.

इस्पितळात हे चाक मी एकदा फिरवू पाहिले होते. थेंब अडखळत होता. परिचारिका म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर बसा." बाहेर बसलो.

२५ फेब्रुवारी, रविवार

अकराला मुलीचा फोन. जेवता ना? रक्तदाबाची गोळी घेता ना? झोप लागते का? होय, होय, बरी लागते. मग तिच्या शहरातले हवामान, मग आमच्याकडचे. चार मिनिटांत दोघांचेही बोलणे संपले. तिची आई असताना हेच फोन तासतासभर चालत. मायलेकी काय बोलत होत्या कोणास ठाऊक, मला शेवटी वृत्तान्त मिळे — "ठकीचं बरं चाललंय, तुम्हाला नमस्कार सांगितलाय." नमस्कार सांगितला होता की नाही याची मी कधी शहानिशा केली नाही.

झुडपाविषयी बोललो नाही. बरे झाल्यावर सांगू.

२८ फेब्रुवारी, बुधवार

पाने चौदा. पुरवठा दुप्पट केला — मिनिटाला सोळा.

१ मार्च, शुक्रवार

कुंडीचा इतिहास आज आठवला. कुंडी कसली — तीन फुटी सिमेंटच्या पाइपचा तुकडा आहे. या झुडपाची मुळे सरळ खाली जातात, म्हणून तिला पाइप हवा होता. खात्याच्या अंगणात भंगारात पन्नास पडले होते. कोणीही उचलून नेत. मी रीतसर अर्ज केला. मंजुरी यायला पाच महिने लागले. त्यावर ती म्हणाली होती, "बी रुजायला चौदा महिने लागले. तुमचं खातं त्या मानानं चपळ आहे."

तेव्हा मला राग आला होता. दोन दिवस बोललो नव्हतो, असे स्मरते.

४ मार्च, सोमवार

कळ्या!

प्रथम कीड वाटली. भिंग आणून पाहिले. तीन फांद्यांच्या टोकांना, गव्हाच्या दाण्याहून लहान, नक्की कळ्या. दुपारपर्यंत सतरा मोजल्या. नऊ वर्षांत याला एकदाही कळी आलेली नव्हती. दर वर्षी ती वाट पाहायची आणि दर वर्षी म्हणायची, पुढच्या वर्षी.

शेजारचे शिंपी गच्चीवर होते. सुती कापड कापण्याआधी ते भिजवून वाळत घालतात, त्यामुळे सकाळी ते नेहमी असतातच. त्यांना दाखवले. वाकून, डोळे बारीक करून त्यांनी पाहिले. म्हणाले, वहिनींना नऊ वर्षांत जमलं नाही ते साहेबांनी दोन महिन्यांत करून दाखवलं, आता चहा पाजावा लागेल. पाजला. साखर जास्त झाली. त्यांनी सगळा प्यायला.

मला — लिहायला संकोच होतो — अभिमान वाटला. ती वनस्पतिशास्त्र शिकवायची त्या कॉलेजात फोन केला. तिची विद्यार्थिनी आता वनस्पतिसंग्रहालयात तिच्याच टेबलाशी बसते. त्या बाई बाहेरगावी होत्या, मोबाइलवर मिळाल्या; शनिवारी येतील. कळ्यांचे ऐकून फोनवर क्षणभर गप्प झाल्या. आनंदाने, असे मी समजलो.

९ मार्च, शनिवार

सर्व क्रमाने लिहितो.

बाई साडेआठला आल्या. जिना चढतानाच विचारत होत्या, कळ्या किती, कोणत्या बाजूला. गच्चीवर पाऊल टाकले आणि त्यांचे बोलणे थांबले. सलाईनच्या बाटलीकडे पाहिले, नंतर माझ्याकडे. मग गुडघ्यांवर बसून वाळूत बोट खुपसले, बाहेर काढून त्याचा वास घेतला.

"काका, हे कधीपासून?"

मी ही रोजनिशी आणून तारीखवार सांगितले. पेला. दोनशे मिलिलिटर. नळी. आठ, मग सोळा.  माझे वाचून झाल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या की थंडी सरली की याला थेंबही चालत नाही. सगळी पाने गाळून ते निजते, पावसाळ्यापर्यंत मेल्यासारखे उभे राहते. ते तसेच असायचे. झुडपाच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर मॅडमनी लाल शाईत लिहिले आहे. तुम्ही वही वाचली नाहीत का?

नाही वाचली. वही संस्थेची मालमत्ता होती. ती गेल्यावर आठव्या दिवशी मी ती कागदात गुंडाळून कॉलेजात नेऊन दिली आणि पोच घेतली. उघडून पाहणे मला अनुचित वाटले.

तरीही मी पेल्याचा मुद्दा सोडला नाही. भरलेला वर जात होता, रिकामा खाली येत होता. मी वर्षभर प्रत्यक्ष पाहिले होते. मग ते पाणी गेले कुठे? आवाज चढला असावा. शिंपी पलीकडे दोरीवर कापड पसरत होते. ते हातातला चिमटा उघडत-मिटत तिथेच उभे राहिले.

"साहेब, ते पाणी वहिनी पीत होत्या," ते म्हणाले. "या कठड्यावर बसून गोळ्या घ्यायच्या. चांगल्या मूठभर असायच्या. मी विचारलं एकदा. म्हणाल्या, घरात बोलू नका, नाहीतर ते वेळापत्रक करून भिंतीला लावतील."

निदान ऑक्टोबरात झाले, असे मी आजवर सर्वांना सांगत आलो आहे. तिला त्याच्या वर्षभर आधीपासून ठाऊक होते. आणि शिंप्यांना. रोज सकाळी मी खाली बसून वर्तमानपत्र वाचत होतो आणि ती पेला घेऊन माझ्यासमोरून जात होती.

मी म्हणालो, पण कळ्या आल्या आहेत ना? कळ्या तर आल्या! बाईंनी चष्मा काढून ओढणीला पुसला. मुळे कुजली की कधी कधी झुडूप असे करते.

"जाता जाता फुलतंय, काका."

उपाय विचारला. वाळू बदलू, कुंडी फोडू, उन्हात ठेवू, औषध घालू. त्यांनी प्रत्येकाला मान हलवली. काही करता येत नाही. जानेवारीत डॉक्टरांनी हेच वाक्य, याच शब्दांत सांगितले होते. तेव्हाही मी यादी वाचून दाखवली होती.

नळी काढली. धुऊन, गुंडाळून परत कपाटात ठेवली. टाकून द्यायला हवी होती.

१० मार्च, रविवार

मुलीचा फोन. सर्व ठीक आहे, असे सांगितले. आईचे झुडूप माझ्या हातून चालले आहे, हे कोणत्या शब्दांत सांगावे? शब्द जुळवून कागदावर लिहून ठेवले होते. कागद समोर होता. हवामानाविषयी बोललो.

१२ मार्च, मंगळवार

संध्याकाळी बाईंचा फोन. त्या वही घेऊन बसल्या होत्या.

झुडूप वाचणार नाही, पण फुले उमलतील. उमलली तर बी मिळू शकते. मात्र याला स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या झुडपाचा लागतो. एकट्याला बी धरत नाही. हे तिला ठाऊक होते. तेही पहिल्याच पानावर आहे.

मी म्हणालो, दुसरे नाहीच. त्या म्हणाल्या, थांबा — आणि वाचून दाखवले. 'पेरल्या बिया चाळीस. उगवली रोपे दोन.' पुढे दोन्हींची उंची दोन वर्षे दरमहा लिहिलेली आहे. मग सहा वर्षांपूर्वीच्या ३ जूनला एकच ओळ : 'रोप क्र. २ — हलवले.' त्यानंतर त्याची नोंद नाही. कुठे हलवले, कोणाकडे, काही नाही. मॅडम असं अर्धवट कधी लिहायच्या नाहीत, म्हणाल्या.

ते दुसरे जिवंत असेल तर ते आज फुललेले नसले तरी चालेल. याचा पराग शीतकपाटात दोन-तीन वर्षे टिकवता येतो. तेवढ्यात ते कधीतरी फुलेल. झुडूप मात्र सापडले पाहिजे.

मी विचारले, आणि नाही सापडले तर? त्या म्हणाल्या, "मग हे शेवटचं, काका."

१३ मार्च, बुधवार

माझ्या जुन्या रोजनिश्या माळ्यावरून काढल्या. एकतीस आहेत, सालवार. सहा वर्षांपूर्वीचा ३ जून लगेच मिळाला.

'उत्तरेकडील टाकीची पातळी चार मीटर वीस. दोन झडपा बदलल्या. दाब कमी असल्याच्या तक्रारी सात. हवा कोरडी.'

४ जून : पातळी, तक्रारी पाच. ५ जून : पातळी. तिचा पहिला उल्लेख २२ जूनला आहे — 'चष्मा दुरुस्तीस दिला (तिचा).' घरात कोण आले, कोण गेले, ती काय म्हणाली, गच्चीवरून काय खाली उतरले — त्या महिन्यात काही नाही. मागचे-पुढचे महिनेही चाळले. टाकीची पातळी एकही दिवस चुकलेली नाही.

जेवणाची वेळ टळून गेली होती. माळ्यावरची धूळ सगळ्या खोलीभर.

१५ मार्च, शुक्रवार

तिच्या पत्त्यांच्या वहीतल्या चौदा जणांना विचारून झाले. माजी विद्यार्थी, दोन निवृत्त प्राध्यापक, संग्रहालयाचा शिपाई. सर्वांनी प्रथम माझे सांत्वन केले, मग नाही म्हणाले. एका प्राध्यापकांना ती गेल्याचेच ठाऊक नव्हते. त्यांचे सांत्वन मी केले.

मुलीला विचारले नाही. विचारायचे तर कशासाठी विचारतो आहे ते सांगावे लागेल.

१६ मार्च, शनिवार

गोदामाला जाऊन आलो. बसने पाऊण तास, पुढे पायी. ती दर महिन्याला इथे येत असे. मी एकदाही सोबत गेलो नव्हतो. उन्हात वाळू पाहायला कशाला जायचे, असे म्हणत असे.

वाळू राहिलेलीच नाही. काँक्रीट, पत्र्याची लांब शेड, भिंतीवर तार. कुंपणाच्या बाहेरच्या बाजूने हातभर रुंदीची एक पट्टी मोकळी होती. तिच्यावरून वाकून चालत गेलो. चारी बाजू पाहिल्या. पहारेकऱ्याने हाक मारली, काय हरवलं म्हणून. झुडूप, म्हणालो. तो भला माणूस असावा, हसला नाही.

"इथं गवतसुद्धा उगवू देत नाही आम्ही, साहेब. महिन्याला औषध मारतो."

त्याने स्वतःची खुर्ची दिली आणि बाटलीतले पाणी पुढे केले. घसा कोरडा पडला होता, तरी ते माझ्याने घेववेना. खुर्चीवर बसलो. मी वाळू पाहायला आलो होतो, एवढे त्याला सांगितले. तो म्हणाला, वाळू हवी तर पलीकडे ढीग आहे बांधकामाचा.

१९ मार्च, मंगळवार

पहिले फूल. सकाळी सात वाजून दहा मिनिटे.

फिकट पिवळे, पाच पाकळ्या, मध्याशी किंचित जांभळट. वास नाही, चारदा तपासला. सर्व पाने गळून गेलेल्या काटकीवर हे एवढेसे. शिंपी बराच वेळ पाहत होते. "नऊ वर्षं थांबून एवढंच? याहून मोठं बटण लावतो मी शर्टाला."  थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, वहिनींना पुरलं असतं.

मग खाली जाऊन त्यांनी स्वतःच चहा करून वर आणला. दोघे कठड्यावर बसलो. वर्षभर सकाळी ती काय बोलायची, असे मी विचारले. विशेष काही नाही, म्हणाले — कापडाचा पोत, त्यांच्या सुनेची नोकरी, माझे घोरणे. माझ्यावर हसायची का? "हसायच्या की. पण दुसऱ्या कोणाला हसू द्यायच्या नाहीत."

२४ मार्च, रविवार

एकूण त्रेचाळीस फुले. बाई बारीक कुंचला आणि काचेच्या कुप्या घेऊन आल्या. फुलागणिक कुंचला फिरवायचा, कागदावर झटकायचा, कागद दुमडून कुपीत. माझे काम बाईंवर छत्री धरण्याचे. वाऱ्याने पराग उडू नये म्हणून. अडीच तास धरली. हात भरून आला, पण सोडली नाही. दोन महिन्यांत माझ्याकडून झालेले हे एकमेव उपयोगाचे काम.

कुप्या भरल्यावर त्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या. वनस्पती, ठिकाण, दिनांक. 'वाढवणाऱ्याचे नाव' या रकान्यात त्यांनी माझे आणि तिचे, दोघांचे लिहिले. माझे खोडायला लावले. त्या नाही म्हणत होत्या. मी हट्ट धरला. अखेर नवी चिठ्ठी लिहिली.

कुप्या कॉलेजातल्या शीतकपाटात राहतील. दुसरे सापडेपर्यंत — बाई 'सापडलं तर' म्हणत नाहीत. त्यांची रीत चांगली आहे.

मुलीचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर होतो. वाजून बंद झाला. परत केला नाही.

२८ मार्च, गुरुवार

फांदी बोटाने वाकवून पाहिली. कटकन मोडली. आत हिरवे नाही.

३१ मार्च, रविवार

मुलीचा फोन. नेहमीचे प्रश्न झाले.  एक गोष्ट आठवडाभर मनाला लागून राहिली आहे, म्हणाली. नव्या घरात राहायला गेली त्या वर्षी आईने तिला पत्र्याच्या उंच डब्यात एक झुडूप दिले होते. 'याचं काही करू नकोस, नुसतं असू दे,' एवढेच सांगून. सहा वर्षे ते बाल्कनीच्या टोकाला होते. गेल्या सोमवारी साफसफाईत तिने ते टाकून दिले. पार वाळले होते, एक पान उरले नव्हते. कचऱ्याची गाडी घेऊन गेली.

"आईचं होतं म्हणून सारखं टोचतंय. काही महत्त्वाचं नव्हतं ना, बाबा?"

मी उभा होतो. खुर्ची ओढून बसलो.

"नाही गं," म्हणालो. "साधं झुडूप. कुठेही येतं. इथलं तर मी पाणी घालघालून मारलं."

ती हसली. "तुम्ही आणि तुमचं पाणी!" मग नाक ओढल्याचा आवाज आला. पाऊण तास बोललो. पुष्कळसे तीच बोलली.

उद्या बाईंना लेखी कळवायचे आहे : रोप क्र. २ चा ठावठिकाणा लागला नाही.